गावातल्या बायकांना बालसंरक्षणाचं प्रशिक्षण द्यायचंय, काय शिकवू?

बीडची सेविका: आमच्याकडं ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका म्हणून मी सचिव. दिवाळीच्या सुमारास गाव ऊसतोडीला निघतं, लेकरं म्हाताऱ्यांकडं राहतात. त्याआधी बचत गटाच्या बायका नि काही तरुण पोरं तयार करायचीत. दिवस एकच मिळालाय. पोक्सोची, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, कलमं घेऊ का?

मास्तर_६७: गुड टच-बॅड टचचा तक्ता लावा की.

जुनी कार्यकर्ती: मास्तर, तक्ता लेकरांसाठी. पोरगी बोलायला लागली की गप्प करतात ती मोठी माणसं, शिकवायचं त्यांना.

सेविकाताई, दोघींना समोर बसवा. एक झाली सातवीतली पोरगी, दुसरी ताई. पोरगीनं एवढंच म्हणायचं, "मला काकाकडं झोपायला जायचं नाही." ताई लगेच सुरू होईल बघा : काय केलं त्यानं? आधी का नाही बोललीस? तू गेलीसच कशाला? तिथंच थांबवा. तपास पोलिसांचा. आपण ऐकायचं, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं आणि तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवायचे. हे दोनदा-तीनदा करून घ्या, जेवण उशिरा झालं तरी चालेल.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र कुणी देऊ नये. पोक्सोच्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे. आजीला हेही सांगा की जबाब घरीसुद्धा घेता येतो आणि पोलीस तेव्हा गणवेशात नसतात. ठाण्याची पायरी चढायची धास्ती फार असते.

आणि तरुण पोरं घेताय तर पहिल्याच दिवशी नियम : कुणीही, अगदी तुम्हीसुद्धा, लेकराला एकट्यानं बंद खोलीत घेऊन बसायचं नाही, फोटो काढायचा नाही. राग आला तर येऊ दे.

पाटीलकी: आमच्याकडं असली प्रकरणं भावकीत बसून मिटवतात. वर "लग्न लावून देऊ" म्हणणारेही निघतात.

बीडची सेविका: तीच भीती आहे. उद्या अध्यक्षांच्याच घरातला कुणी निघाला तर?

जुनी कार्यकर्ती: मग समितीची बैठक लावूच नका. सरळ 1098 ला, म्हणजे लेकरांच्या मदतीच्या हेल्पलाइनला फोन, नाहीतर पोलीस ठाणं. कळवायला ठराव लागत नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, उलट माहीत असून दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सरपंचांना हे प्रशिक्षणातच, सगळ्यांसमोर ऐकू द्या.