उचल म्हणजे कर्ज की दावं?

बालाघाटकर
दसरा सरला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडच्या गावांत म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. बाकीचे कोल्हापूर, सांगली, कुणी बेळगावकडं उसाच्या फडात तोडणीला, ते थेट साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत.

कारखान्याच्या शिवारात मजूर नसतात का? असतात. पण गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, ताप आला तर येत नाही, रात्री दोनला गाडी भरायला उठत नाही. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला कोयता (तोडणीचं जोडपं) फडाशेजारीच खोप टाकून राहतो आणि त्याला 'नाही' म्हणता येत नाही. कारखान्याला हाच माणूस हवा असतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडप्यानं दिवसभरात दोन टन तोडला, सोलला, मोळ्या बांधून गाडीत भरला, तर माणशी ३६६ रुपये. एक दिवस खाडा झाला की दंड वेगळा. उचल फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी संपवली म्हणतात, मग हे काय आहे?

वारणाकाठचा
दादा, मजुरांचे हाल मी डोळ्यांनी बघतो, नाकारत नाही. पण मालक कोण ते आधी ठरवा. तोडणी-वाहतुकीचा पैसा आम्हा शेतकऱ्यांच्या एफआरपीतूनच, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान भावातूनच, कापला जातो. वर खुशाली, म्हणजे शेतकऱ्यानं टोळीला द्यायचे जादा पैसे, दिल्याशिवाय टोळी फडात उतरत नाही. माझ्या चुलतभावानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला आठ लाख दिले. टोळी आलीच नाही, फोन बंद. बँकेचा हप्ता मात्र चालूच आहे. इकडं दीड वर्षाच्या आडसाली उसाला तुरे येऊन वजन घटतंय. अडलेला मजूर एकटाच नाही.

फडातली लेक
तुम्ही दोघांनी टोळी, कोयता, मुकादम सगळं लिहिलं. बाई कुठं आहे? एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण उचल घेताना अंगठा वडिलांचा आणि हिशेबाच्या वहीत नावही त्यांचंच. माझी आई एकोणीस हंगाम मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढली. ती कामाला होती याचा एकही कागद नाही. एका हंगामात तिचा गर्भ फडातच पडला, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा सऱ्यांत होती, कारण खाडा परवडत नव्हता. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या (गर्भाशय) काढल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. त्या सगळ्या ऊसतोडीच्या नसतील. पण 'पिशवी काढली की पाळीची कटकट नाही, खाडा नाही' हे मी घरात ऐकलंय. स्वस्त मजुरीची किंमत कुणाच्या अंगातून वसूल होते, ते यातून कळतं.

यंत्रवाला
दर असेच वाढवत नेले तर ऊस तोडायचं यंत्र, हार्वेस्टर, येणारच. सरकारनं २०२३ मध्ये त्याला ४० टक्के किंवा ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं. मग हे कोयते जाणार कुठं?

बालाघाटकर
यंत्राला रुंद सरी लागते, चिखलात ते रुततं आणि अर्ध्या एकराच्या तुकड्यात वळत नाही. इतकी वर्षं यंत्राची भीती घालूनच दर दाबलाय. आणि यंत्र आलं तर येऊ दे, पण ते येईपर्यंत माणसाला माणसाचा दर द्या.

वारणाकाठचे भाऊ, तुमच्या भावाची फसवणूक खरीच आहे. पण ती होते कशामुळं? कारखाना मजुराशी करारच करत नाही. करार वाहतूकदाराशी, पैसा मुकादमाच्या हातात आणि मजूर कुणाचाच नाही. कारखान्यानं दोघांची नावं नोंदवून दोन खात्यांत पैसे टाकले तर मुकादम कुणाचे पैसे घेऊन पळेल? ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलं, तेव्हा किती टन ऊस आला हे कारखान्याला बरोबर सांगता येतं. तो किती हातांनी तोडला, हे का सांगता येऊ नये?

वारणाकाठचा
थेट नोंदणीला माझी ना नाही, आमचाही धोका टळेल. पण उचल बंद केलीत तर जूनमध्ये बियाण्याला आणि लेकीच्या लग्नाला त्यांना पैसा कोण देणार? बँक दारात उभी करत नाही.

फडातली लेक
उचल बंद करा असं मी म्हणतच नाही. ती आईच्या नावावर, लिहून, पावतीसकट द्या. आणि खाड्याचा दंड आधी थांबवा. तेवढ्यासाठी कुठल्या नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.