छोट्या खासगी विमानात कागदी अ‍ॅप्रोच प्लेटऐवजी ई-इंक रीडर पुरेसा आहे का?

मूळ मत

आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमांनुसार, उड्डाण करणाऱ्या, कॉकपिटमध्ये एकट्याच असलेल्या खासगी वैमानिकाने अ‍ॅप्रोच प्लेटांचे (धावपट्टीवर उतरण्याचा मार्ग व उंची दाखवणाऱ्या तक्त्यांचे) जाड खंड सोबत बाळगण्याऐवजी नऊ-दहा इंची ई-इंक रीडर (कागदासारखा दिसणारा पडदा असलेले वाचनयंत्र) वापरावा, असे माझे मत आहे. अमेरिकेपुरते बोलायचे तर नियमांची अडचण नाही. पार्ट ९१ या उड्डाणनियमांखाली खासगी उड्डाण करणाऱ्याला, पडद्यावरील माहिती चालू आवृत्तीतील आणि उपयोगात कागदाच्या तोडीची असेल, तर कागदाऐवजी ती वापरता येते, हे एफएए या अमेरिकेच्या विमान-वाहतूक नियामक संस्थेने २००७ सालच्या एसी ९१-७८ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. प्लेटांच्या पीडीएफ फाइली एफएए विनामूल्य देते आणि माहिती अद्ययावत करण्याच्या २८ दिवसांच्या प्रत्येक चक्रात त्या नव्याने उतरवून घेता येतात.

टॅबलेट का नको, असे कोणी विचारील. काचेच्या छताखाली भर उन्हात टॅबलेटचा प्रकाश कितीही वाढवला तरी तो फिका पडतो, पोलराइज्ड चष्म्यातून काही कोनांत काळा दिसतो आणि तापला की स्वतःहून बंद होतो. आयपॅडसाठी अ‍ॅपलने दिलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. ई-इंकला मात्र ऊन जितके जास्त तितके चांगले, आणि वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, त्यामुळे बॅटरीची चिंता जवळजवळ उरत नाही. आकाराचेही पाहा: कागदी प्लेट साधारण साडेपाच बाय सव्वाआठ इंचांची असते आणि २००९ सालच्या किंडल डीएक्सचा ९.७ इंची पडदा जवळपास तेवढाच होता. सहा इंची रीडरवर तीच प्लेट इतकी आक्रसते की तळाच्या मिनिमाच्या (उतरताना पाळायच्या किमान उंची व दृश्यमानतेच्या) चौकटीतील आकडे वाचताना चूक होऊ शकते. तो मी कोणालाही सुचवणार नाही.

प्रतिसाद १

उन्हाचा मुद्दा मान्य, परंतु आपण स्थिर पानाचा विचार करीत आहात आणि अडचण पान बदलण्याची आहे. उतरण्याच्या तयारीत असताना वारा फिरतो, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) दुसऱ्या धावपट्टीचा अ‍ॅप्रोच देते, आणि त्याच वेळी वैमानिकाला उंची, दिशा व रेडिओ सांभाळून नवी प्लेट शोधायची असते. कागदी खंडात खुणेची पट्टी लावलेली असेल तर बोट थेट तेथे जाते. जुन्या ई-इंक रीडरवर फाइलींची यादी पानापानाने सरकवावी लागते, दर वेळी पडदा काळा-पांढरा होऊन स्थिरावतो आणि मोठे करून पाहिलेले चित्र बाजूला सरकवणे तर वैतागाचेच काम असते. त्यातही कित्येक रीडर काही मिनिटे बटण न दाबल्यास झोपी जातात आणि प्लेटच्या जागी एखाद्या लेखकाचे चित्र झळकते. ढगात मिस्ड अ‍ॅप्रोचची (उतरणे सोडून पुन्हा वर चढण्याची) उंची हवी असताना साहित्यिकांचे दर्शन कोणाला हवे आहे?

प्रतिसाद २

माझा आक्षेप रंगांचा आहे. सेक्शनल नकाशावर, म्हणजे बाहेर पाहून उडणाऱ्यांच्या रंगीत हवाई नकाशावर, क्लास बी (सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या) हवाई क्षेत्राची सीमा अखंड निळ्या रेषेने आणि क्लास सीची अखंड किरमिजी रेषेने दाखवलेली असते. नियंत्रण मनोरा असलेले विमानतळ निळे असतात आणि नसलेले किरमिजी. करड्या छटांच्या पडद्यावर हा भेद ओळखणे फार कठीण जाते, आणि परवानगीवाचून क्लास बीमध्ये शिरणे ही किरकोळ चूक नव्हे. व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून उडणाऱ्या, वैमानिकाने या फंदात पडू नये.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

सेक्शनल कागदावरच असावा, याबद्दल वाद नाही. माझे म्हणणे केवळ प्लेटांपुरते आहे आणि त्या बहुतांशी काळ्या रेषांतच छापलेल्या असतात. झोपी जाण्याची सोय बंद करता येत नसेल, तर ते उपकरण या कामासाठी बादच समजावे. शोधाशोधीवर उपाय जमिनीवरच करता येतो: निघण्याचे ठिकाण, गंतव्य आणि पर्यायी विमानतळ यांच्या सर्व प्लेटा वापराच्या क्रमाने एकाच पीडीएफमध्ये जोडाव्यात. मग एटीसीने धावपट्टी बदलली तरी नवी प्लेट दोन-चार पानांच्या अंतरावर असते. शिवाय गंतव्याच्या प्लेटा छापून गुडघ्यावरच्या पाटीला अडकवून ठेवाव्यात.

प्रतिसाद १ देणाऱ्याचे प्रत्युत्तर

म्हणजे ज्या प्लेटा नक्की लागणार त्या कागदावर आणि ज्या बहुधा लागणार नाहीत त्या रीडरवर! खरी कसोटी लागते ती इंजिन खडखडू लागल्यावर किंवा पंखांवर बर्फ धरल्यावर, जेव्हा यादीत नसलेल्या विमानतळाकडे वळावे लागते. तेव्हा आपली क्रमवार पीडीएफ निरुपयोगी ठरते. जीपीएस असलेला टॅबलेट अशा वेळी विमानाचे स्थान दाखवतो, जवळचे विमानतळ पुढे करतो आणि प्लेट दोन स्पर्शांत उघडतो. थंडीचेही विसरू नये. गोठणबिंदूखाली ई-इंकचा पडदा मंदावतो आणि आधीच्या पानाच्या पुसट खुणा मागे राहतात, त्यामुळे हिवाळ्यात रात्रभर विमानातच राहिलेला रीडर सकाळी लगेच विश्वासास पात्र नसतो.

टॅबलेट उष्णतेने बंद पडतो हे मात्र मी नाकारत नाही. योकवर (विमानाच्या सुकाणूवर) टॅबलेट आणि बाजूच्या खिशात त्या संपूर्ण प्रदेशाच्या प्लेटा भरलेला रीडर, अशी जोडी कोणी बाळगत असेल तर माझी हरकत नाही, पण दोन्हींमधील फाइली एकाच चक्रातील आहेत याची खात्री प्रत्येक उड्डाणापूर्वी करावी लागेल. एकट्या रीडरवर विसंबून ढगात शिरण्यास मी तयार नाही.