झाड : मालमत्ता, मत्ता की भांडवल?

प्रश्न

नगरपालिकांच्या हिशेबांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. पूल, दिव्याचे खांब यांच्याप्रमाणे रस्त्याकडेची झाडंही पालिकेचे ‘कॅपिटल ॲसेट’ धरावीत, असं त्यात म्हटलंय. मी ‘भांडवली मालमत्ता’ लिहिलं, पण मन मानत नाही. मालमत्ता म्हटलं की विकता येण्याजोगी चीज डोळ्यांपुढे येते. पुढे ‘डेप्रिसिएशन’साठी, म्हणजे वस्तूची किंमत वहीत दरवर्षी घटवत नेण्यासाठी, ‘घसारा’ लिहायला गेले आणि तिथेच अडले.

प्रतिसाद १

‘माल’ गाळा, ‘मत्ता’ ठेवा. ‘मत्ता आणि दायित्वे’ ही जोडी ताळेबंदात रुळलेली आहे. मत्ता दिसायला संस्कृत वाटतो, पण मूळ अरबी ‘मताअ’, म्हणजे चीजवस्तू. ‘भांडवली’ मात्र हवंच. कारण खर्च भांडवली (वर्षानुवर्षं टिकणारं काही उभं करण्याचा) की महसुली (त्या-त्या वर्षातच संपणारा), यावरच सगळं ठरतं. रोप, खड्डा, कुंपण, रोप जीव धरेपर्यंतचं पाणी हा झाड उभं करण्याचा खर्च, तो मत्तेच्या किमतीत धरता येतो. नंतरची नेहमीची छाटणी महसुली. झाडं वहीत मत्ता म्हणून आलीच नाहीत, तर लावणीसुद्धा वर्षाअखेर संपलेला खर्च ठरते.

प्रतिसाद २

घसाऱ्यावर अडलात ते बरं झालं. घसारा म्हणजे घासून झिजणं. खांब बसवल्या दिवसापासून गंजतो, त्याला तो शब्द चपखल बसतो. झाड उलट्या दिशेनं जातं. लंडनच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या संघटनेनं स्वीकारलेली, झाडाची किंमत काढायची ‘कॅव्हॅट’ पद्धत पाहा. तिच्या नावातच ‘कॅपिटल ॲसेट व्हॅल्यू’ आहे. छातीच्या उंचीवर खोडाला फीत लावायची, काटछेदाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला प्रति चौरस सेंटीमीटर दरानं गुणायचं. मग वस्तीची दाटी, पर्णसंभार, उरलेलं आयुष्य यांप्रमाणे कमी-जास्त करायचं. खोडाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट, म्हणून मूळ किंमतही चौपट. लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधल्या एका जुन्या प्लेन (चिनारच्या कुळातल्या) वृक्षाची किंमत २००८ मध्ये ७,५०,००० पौंड निघाली होती. अशा झाडाला घसारा लावणं मला भाषेवरचाच अन्याय वाटतो. इथे ‘पुनर्मूल्यांकन’ लिहा. बुंध्याला काँक्रीटचा फास बसला, खोदकामात मुळं तुटली, शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या, तर ‘मूल्यऱ्हास’. घसारा काळ गेल्यानं होतो, ऱ्हासाला काहीतरी कारण घडलेलं असतं. हा फरक लेखात पुसला जाऊ देऊ नका.

प्रतिसाद ३

‘स्थावर’चाही विचार करा. आज त्याचा अर्थ घर-जमीन एवढाच उरलाय, पण संस्कृतात स्थावर-जंगम अशी विभागणी होते तेव्हा स्थावरांत वृक्षवेली येतात. म्हणजे शब्द झाडांचाच होता, जागा इमारतींनी घेतली. हिशेबाच्या लेखात तो पुन्हा झाडांना द्यावा असं मी म्हणणार नाही, वाचक गोंधळेल. पण एखाद्या वाक्यात आठवण जरूर करून द्या.

आणि ‘राइट-ऑफ’ला ‘निर्लेखन’ हा चांगला शब्द आहे, तो वापरा. खांब पडला की मत्ता-नोंदवहीतून त्याचं निर्लेखन होतं, उरलेली किंमत तोटा म्हणून दिसते. ज्या वहीत झाडाची नोंदच नाही, तिथे साठ वर्षांचं झाड तोडलं तर निर्लेखन कशाचं करणार? उलट लाकूड विकलं की ती रक्कम जमेला येते. जिवंतपणी ज्याला रकाना नव्हता, ते झाड वहीत पहिल्यांदा येतं ते ओंडके होऊन, तेही उत्पन्न म्हणून. लेखकाचा आग्रह नेमका यासाठी असणार.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ओंडक्यांची नोंद वाचून थबकले. वाक्य आता असं केलंय : ‘रस्त्याकडेची झाडे ही पालिकेची भांडवली मत्ता आहे. तिला सरसकट घसारा न लावता ठरावीक काळाने तिचे पुनर्मूल्यांकन करावे, आणि झाड तोडल्यास त्या दिवशीच्या मूल्याने निर्लेखन करून तोटा दाखवावा.’ ‘तोटा’ऐवजी आधी ‘नुकसान’ लिहिलं होतं, पण हिशेबाच्या वहीत तोटाच हवा.