प्लॅटिनम–सिलिकॉन बंध जुळतो आणि सुटतो कसा? (साच्याचा थर चिकट राहिलाय)

तासगावची_पोर
नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा चुलतभाऊ गणपतीच्या लहान मूर्ती करतो. यंदा त्यानं दोन भागांचं, प्लॅटिनमवालं सिलिकॉन रबर आणून साचा ओतला. मूळ मूर्ती प्लॅस्टिसीनची, म्हणजे तेलकट मातीची होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर वरचं रबर घट्ट, पण मातीला लागलेला थर काकवीसारखा चिकट. सोंडेवरची नक्षी, दागिने, सगळं गेलं. तीन किलो रबर वाया. मला म्हणतोय, "तू केमिस्ट्री शिकतीस नव्हं? मग सांग की काय चुकलं!"

हे रबर घट्ट होतं ते प्लॅटिनमच्या मदतीनं सिलिकॉन–हायड्रोजन बंध अल्कीनला, म्हणजे कार्बन–कार्बन दुहेरी बंधाला जोडला जातो म्हणून. त्याच्या पायऱ्या सांगणारं चॉक–हॅरॉडचं चक्र मला पाठ आहे, पण समजलेलं नाही. प्लॅटिनम सिलिकॉन–हायड्रोजन बंधात शिरतं कसं? आणि सिलिकॉनशी त्याचं इतकं चांगलं जुळतं, तर ते त्याला परत सोडतं का?

साताऱ्याचा_मास्तर
पोरी, साचा गंधकानं बिघडवला. बऱ्याच तेलकट मातीत गंधक असतं. ते नेमकं काय करतं हे कळायला आधी तुझे प्रश्न सोडवायला हवेत.

फळ्यावरच्या बाणांमुळे वाटतं की धातू सुरीसारखा बंध कापत आत जातो. तसं होत नाही. न तुटलेला सिलिकॉन–हायड्रोजन बंधच आडवा येऊन धातूला टेकतो आणि आपली इलेक्ट्रॉनची जोडी धातूच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे (इलेक्ट्रॉनच्या जागेकडे) झुकवतो. मग धातू आपल्या भरलेल्या डी ऑर्बिटलमधून इलेक्ट्रॉन परत देतो, आणि ते जातात त्याच बंधाच्या अँटीबाँडिंग ऑर्बिटलमध्ये, म्हणजे जिथं इलेक्ट्रॉन आले की बंध ढिला होतो तिथं. बंध तुटतो तो या परतफेडीनं. धातूनं हात आखडता घेतला तर काम अर्ध्यावर थांबतं. मँगनीजच्या काही कार्बोनिल संयुगांत मँगनीज, सिलिकॉन आणि हायड्रोजन असे तिघं एकमेकांना धरून राहिलेले दिसतात. हे अर्ध्यावरचं रूप बाटलीत भरून ठेवता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतलं प्लॅटिनम मात्र पुरतं देऊन टाकतं आणि अधिक दोन अवस्थेत जातं.

कार्बन–हायड्रोजन बंध इतक्या सहज का नाही तुटत? मिथेनमधला बंध तोडायला ४३९ किलोजूल प्रति मोल लागतात, सिलेनमध्ये (SiH₄) सिलिकॉन–हायड्रोजन बंधाला साधारण ३८४. शिवाय सिलिकॉनचा अणू मोठा, बंध लांब, आणि अँटीबाँडिंग ऑर्बिटल खालच्या पातळीवर. धातूचा हात तिथवर पोचतो.

आता सोडण्याचं. प्लॅटिनम–सिलिकॉन बंध कमकुवत असतो म्हणून तुटतो, असं उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. चॉक आणि हॅरॉड यांनी १९६५ मध्ये मांडलं की अल्कीन प्लॅटिनम–हायड्रोजन बंधात शिरतं. सुधारित मांडणीत ते प्लॅटिनम–सिलिकॉन बंधात शिरतं. पहिल्या वाटेनं गेलं तर शेवटी कार्बन आणि सिलिकॉन एकाच धातूवर शेजारी-शेजारी बसलेले असतात. ते एकमेकांना धरतात आणि धातू पुन्हा शून्यावर येतो. हिशेब एकट्या प्लॅटिनम–सिलिकॉन बंधाचा मांडायचाच नाही. सिलिकॉन–हायड्रोजन आणि अल्कीनचा पाय बंध (दुहेरी बंधातला दुसरा) गेला, सिलिकॉन–कार्बन आणि कार्बन–हायड्रोजन हे दोन आले, आणि त्या व्यवहारात ऊर्जा बाहेर पडली. धातूनं फक्त वाट सोपी केली.

झिर्कोनियम अधिक चारवर असेल तर त्याच्याकडे परत द्यायला डी इलेक्ट्रॉनच नसतात. तिथं चार अणूंच्या कड्यातून जोडीदारांची अदलाबदल होते. ते पुन्हा कधीतरी.

आता गंधक. त्याची मोकळी जोडी प्लॅटिनमच्या रिकाम्या जागेवर बसते आणि उठत नाही. सिलिकॉन–हायड्रोजनला टेकायला जागाच उरत नाही. रबरात प्लॅटिनम असतं दहा लाख भागांत काही भाग, त्यामुळे चिमूटभर गंधकही पुरतं. म्हणून तुमचा फक्त मातीला लागलेला थर मेला.

कुपवाड_एमआयडीसी
सरांचं बरोबर आहे. भाऊंना विचारा, हातात लॅटेक्सचे मोजे होते का? ते रबर गंधकानंच पक्कं केलेलं असतं. नायट्राइलचे घ्या. शेडमध्ये द्राक्षाच्या भुरीवरचं गंधक ठेवलं असेल तर तेही लांब हलवा. चिकट राहिलेला थर तापवून सहसा सुधारत नाही, त्यात वेळ घालवू नका. माती 'गंधकविरहित' लिहिलेलीच आणा, आणि आधी चमचाभर रबर मातीच्या तुकड्यावर ओतून एक रात्र बघा. कथिलवालं रबर या मातीवर चालतं, पण त्यातून अल्कोहोल उडतं आणि साचा थोडा आक्रसतो. बारीक नक्षीला मी तरी प्लॅटिनमवालंच वापरेन.

तासगावची_पोर
लॅटेक्सचेच होते! आणि गंधकाची पिशवीही त्याच शेडमध्ये, ओतायच्या टेबलाखाली. दोन्ही आजच बदलतो.

सर, अर्धवट तुटलेला बंध आहे हे कळतं कशावरून?

साताऱ्याचा_मास्तर
एनएमआरवरून, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या यंत्रावरून. सिलिकॉन-२९ आणि हायड्रोजन यांच्यातलं कपलिंग (एकाच्या केंद्रकाचा दुसऱ्याच्या संकेतावर होणारा परिणाम) बघायचं. सुट्या सिलेनमध्ये साधारण २०० हर्ट्झ, पुरतं तुटल्यावर २०च्या खाली, आणि अर्ध्यावर थांबलेलं असेल तर बहुधा ४० ते ७०च्या आसपास. निसर्गात सिलिकॉन-२९ असतं जेमतेम ४.७ टक्के, त्यामुळे मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना अगदी लहान उपशिखरं दिसतील. नमुना जरा घट्ट घे आणि मशीनला रात्रभर चालू दे.