गाडीचे ब्रेक वाजतात? घरी काय तपासलंत, काय केलंत, ते इथे लिहा

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या गेटातून निघणाऱ्या निम्म्या गाड्या चिरकत बाहेर पडतात. गॅरेजमध्ये नेलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं, पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे तबकडीला, दाबून गाडी थांबवणारे ठोकळे) बदला. माझं ठाम मत आहे की आवाज नेमका कधी येतो हे नीट ऐकलं तर निम्मं निदान घरीच होतं. सकाळी पहिल्यांदा दाबताना? रिव्हर्सला? की पेडलला पाय न लावताही? म्हणून आधी आवाज कधी आणि कसा येतो ते सांगा, मग काय सापडलं ते.

सुरुवात मीच करतो. दादरला चौपाटीजवळ गाडी उघड्यावर असते. सकाळी खरखर यायची आणि दोन-चार सिग्नल गेले की बंद. डिस्क बिडाची असते. खारी दमट हवा आणि पाऊस यांनी रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो, पॅड तो खरवडून काढतात. गाडी धुतल्यावरही हेच होतं. यावर काहीही करायचं नसतं. दिवसभर आवाज राहिला तर मात्र चाक उघडायचं.

मुलुंड
माझा आवाज वेगळा होता. हलकं दाबलं की बारीक, कानात घुसणारी चीं, जोरात दाबलं की गप्प. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या ट्रॅफिकमध्ये तर सतत. चाक काढलं तर पॅडला जाडी भरपूर, पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला. शिवाय आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला. खरी खूण ही दुसरी. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची सुकून जाम झाली होती, त्यामुळे एकच पॅड सगळा भार घेत होता.

कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडून तो वर फिरवला. पूर्ण काढावा लागला तर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. पिना पुसून त्यांना ब्रेकसाठीचं खास सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नको, त्याने पिनांची रबरी बुटं फुगतात. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढून तिथेही उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचं अगदी पुसट बोट. पॅड पॉलिश पेपरवर घासले, तोंडाला मास्क लावून. ती धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. पॅडच्या पाठीवरची पातळ पत्री पुन्हा जागेवर बसवली. ती कंपनं अडवते. पॅड बदलताना ती फेकून दिली की नवे पॅडसुद्धा वाजू लागतात. आवाज गेला.

घाटकोपर
मुलुंडकरांनी छान लिहिलंय, पण जॅकचं राहिलं. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. काम करायचं तर सपाट जमीन, उरलेल्या चाकांना पुढून-मागून विटा, आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवलेली हवी. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करा. शेवटी पान्याने जोर लावून आवळताना गाडी पुन्हा जमिनीवर हवी. बेसमेंटमध्ये उतार असेल तर तिथे हे काम करूच नका, मी हात जोडून सांगते.

गोरेगाव
पेडल न दाबताही चाकाच्या फेऱ्याबरोबर शिट्टी, वेग वाढला की तीही वाढायची. हा पॅडचा इशारा. बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी जीभ असते. लायनिंग (पॅडवरचा घासणारा थर) साधारण 2 ते 3 मिमी उरलं की ती डिस्कला टेकते आणि वाजते. तसंच दामटलं तर पुढे पॅडची लोखंडी पाठ डिस्क खाते. ऑपेरा हाऊसच्या पार्ट मार्केटमधून पॅड आणले, पुढच्या दोन्ही चाकांचे, कारण ते जोडीनेच बदलायचे. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजली.

नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, लक्ष ठेवा. रंगावर सांडलं तर रंग उतरतो. काम झालं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दाबांना ते थेट खाली जातं, आणि गेटवर ते कळलं तर उशीर झालेला असतो. मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगावरून बऱ्याचदा हळू केली, मध्ये पूर्ण न थांबता, म्हणजे पॅड डिस्कला बसतात.

कुर्ला
अचानक कर्र, वळताना जास्त. सिमेंटच्या रस्त्याचं काम चालू होतं तिथली खडी डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकली होती. गाडी थोडी पुढे-मागे केली आणि खडा पडला.

सायन
किंग्ज सर्कलच्या पाण्यातून आले आणि हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी ठेवली. निघताना मागून ठक् झालं, नंतर प्रत्येक ब्रेकला घोगरा आवाज. मागे डिस्कऐवजी ड्रम आहेत, त्यांना आतून शू दाबले जाऊन ब्रेक लागतो. शू गंजून ड्रमला चिकटले होते, आत ओली धूळ. ड्रम मी गॅरेजमध्येच उघडून घेतला. आतल्या स्प्रिंगा ताठ असतात, चुकीच्या बसल्या तर मामला गंभीर होतो. आता पाण्यातून आलं की हळू चालवत ब्रेक दाबून वाळवते, आणि जास्त दिवस उभी ठेवायची तर हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये, चाकाला वीट.

वांद्रे
डिस्कवर गंज काढायचा स्प्रे मारला तर चालेल का? शेजारचे काका मारा म्हणतात.

मुलुंड
अजिबात नको. डिस्कवर किंवा पॅडवर कुठलंही तेल गेलं की गाडी थांबणार नाही, आणि तेल प्यायलेला पॅड टाकूनच द्यावा लागतो. डिस्कला फक्त ब्रेक क्लीनर.

बोरिवली
माझ्या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही, बटण आहे. मागचे पॅड घरी बदलता येतील?

गोरेगाव
थांबा. तिथे बहुतेकदा कॅलिपरवर मोटर असते. स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने) किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने गाडी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मोटर मागे घेतलेल्या स्थितीत, नेल्याशिवाय पिस्टन ढकललात तर मोटरची यंत्रणा तुटू शकते. पुढचे पॅड तुम्ही बदला, मागच्यांसाठी स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.