मदत हवी आहे: लेख नव्या साइटवर आणले, बहुतेक फोटो आले, पण मोजकेच दिसत नाहीत

नमस्कार मंडळी,

बाबांचे गडकिल्ल्यांवरचे लेख जुन्या साइटवरून नव्या साइटवर हलवते आहे. दोन्हीकडे वर्डप्रेसच आहे. जुन्या होस्टिंगची मुदत महिनाअखेरीस संपतेय. बाबांना गुडघ्यांमुळे आता गड चढवत नाही आणि मूळ फोटो ज्या हार्ड डिस्कवर होते ती केव्हाच बंद पडली. म्हणजे साइटवर आहेत तेवढेच फोटो उरलेत. त्यातला एकही गमवायचा नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. आधी जुन्या साइटवरून एक्स्पोर्टची फाइल काढली आणि नव्या साइटवर इम्पोर्ट केली. सगळे लेख आले, फोटोही दिसले. बाबांना फोन करून सांगितलंसुद्धा. दोन दिवसांनी जुनी साइट दुपारभर बंद होती, आणि नव्या साइटवरचे सगळे फोटो गायब! तेव्हा फोटोवर राइट क्लिक करून पत्ता पाहिला, तर तो जुन्या साइटचाच होता. एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये फोटो नसतातच, फक्त त्यांचे पत्ते असतात, हे तेव्हा कळलं. नवी साइट इतके दिवस जुन्या साइटवरूनच फोटो आणून दाखवत होती.

मग इम्पोर्ट करताना फाइल अटॅचमेंट डाउनलोड करण्याच्या चौकटीत टिक करून पुन्हा प्रयत्न केला. दर वेळी मध्येच वेळ संपून थांबायचं. शेवटी एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली उतरवायच्या-चढवायच्या पद्धतीने) अपलोड्सचं, म्हणजे फोटो असलेलं, आख्खं फोल्डर आधी बाबांच्या जुन्या मॅकवर उतरवलं, तिथून नव्या सर्व्हरवर चढवलं, आणि सर्च-रिप्लेसने लेखांमधलं जुनं डोमेन बदलून नवं केलं.

आता जवळपास सगळं नीट आहे. फक्त २३ फोटोंच्या जागी तुटक्या चित्राची खूण दिसते. पत्ता उघडला तर ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल मॅनेजरमध्ये मात्र त्याच नावाची फाइल डोळ्यांसमोर आहे! मोठी-लहान लिपी, जेपीजी आणि जेपीइजी, फाइलच्या परवानग्या, सगळं तपासलं. कॅशेही साफ केली. न दिसणाऱ्यांपैकी काही नावं देते (बाबा सगळ्या फाइलींना मराठीतच नावं देत):

राजगड-चोरदरवाजा-पायऱ्या
कऱ्हा-नदी-पुरंदरवरून
नाणेघाट-पायऱ्या
तोरणा-दऱ्या-धुक्यात

राजगड-पद्मावती-माची, हरिश्चंद्रगड-कोकणकडा वगैरे छान दिसतात, म्हणजे मराठी नावांचा प्रश्न नसावा. काय राहतंय माझ्याकडून?

प्रतिसाद

ताई, तुम्ही दिलेली चारही नावं पुन्हा वाचा. प्रत्येकात ऱ आहे (पायऱ्या, दऱ्या यांत य ला जोडलेला आडव्या खुणेचा अर्धा र, साधा र नव्हे). दिसणाऱ्या नावांत तो नाही. उरलेल्या १९ नावांतही ऱ आहे का बघून सांगा, पण मला जवळपास खात्री आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे अख्खं अक्षर, क्रमांक ०९३१. दुसरा म्हणजे साधा र (०९३०) आणि त्याला जोडलेला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब (०९३सी). डोळ्यांना दोन्ही सारखेच. युनिकोडच्या नियमाप्रमाणेही समानच, त्यामुळे यात कुणाचं चुकलं असं नाही. पण लिनक्सचा सर्व्हर नाव एकेक बाइट ताडून जुळवतो, आणि पहिल्या रूपाचे बाइट तीन, दुसऱ्याचे सहा. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना अशी अक्षरं सुटी करते. म्हणजे फाइली मॅकवरून फिरून आल्या तेव्हा ऱ चे दोन तुकडे झाले, आणि लेखातल्या पत्त्यात तो अजून अखंड आहे. माची, कोकणकडा यांत सुटं होणारं अक्षरच नाही, म्हणून ते वाचले.

एसएसएच (सर्व्हरला थेट आज्ञा देण्याची सोय) असेल तर कन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन आहे, ते एनएफसी पर्यायाने (सुटी अक्षरं अखंड करणारा पर्याय) सगळी नावं एकदम जोडून देतं. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं, खरं बदलायला नोटेस्ट असं वेगळं सांगावं लागतं. एसएसएच नसेल तर हाताने नाव बदला, पण जुनं नाव कॉपी-पेस्ट करू नका, तुटलेलाच ऱ परत येईल. लेखातल्या पत्त्यावरून घ्या. आणि डेटाबेसला थेट हात लावू नका, तिथे काही बिघडलेलं नाही.

धागाकर्ती

दादा, सगळ्या २३ नावांत ऱ आहे! चार रात्री मी परवानग्या तपासत बसले होते. मनापासून आभार.

एसएसएच नाही, म्हणून हाताने सुरुवात केली. आधी पाच फोटोंची नावं बदलली. आता फोटोवर क्लिक केलं की मोठा उघडतो, पण लेखात ती जागा अजून कोरीच. असं का?

प्रतिसाद

कारण वर्डप्रेस एका फोटोच्या अनेक लहान प्रती करून ठेवतं. नावाच्या शेवटी १०२४x७६८, ३००x२२५ असे आकडे दिसतील. लेखात बहुधा त्यातली एक लावलेली असते, मूळ फोटो फक्त लिंकमागे. त्या सगळ्या प्रतींच्या नावातही तोच ऱ आहे. सगळ्यांची नावं बदलावी लागतील.

किंवा सोपा उपाय. जुनी साइट अजून चालू आहे ना? तिथल्या फाइल मॅनेजरमध्ये अपलोड्सची तिथल्या तिथेच झिप करा, ती जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर चढवा आणि तिथेच उघडा. मॅकवर उघडू नका. नावं अखंड राहतील.

धागाकर्ती

झिपचाच मार्ग धरला, तासाभरात झालं. तुटक्या नावाच्या फाइली तशाच पडून आहेत, त्या मागाहून काढते. सगळे लेख एकेक करून उघडले, २३ पैकी २३ आले. चोर दरवाजाच्या पायऱ्यांचा फोटो बाबांना आत्ताच दाखवला. त्यात पायरीवर बसलेली आठ वर्षांची मुलगी मीच आहे.