हाताचा ऊस होतो, पण कथा परीकथा होऊन बसते

बिंदुसराकाठ:
आठवी-नववीच्या मुलांसाठी जादुई वास्तववादी कथा लिहायलोय, मर्यादा 1200 शब्द. माजलगावकडच्या ऊसतोड कामगाराची पोरगी, वय 14. तिच्या हाताचा ऊस होत जातो. खर्ड्यात एका साधूचा शाप आहे आणि शेवटी ती झोपेतून उठते. वाचणारे म्हणतात, ही परीकथा झाली. काय काढू?

पाचट:
आधी शाप काढा, मग झोप. शाप आला की वाचक उःशापाची वाट बघत बसतो. बदल पहिल्या 150 शब्दांत उरका. काफ्काच्या 'मेटामॉर्फॉसिस' कथेतला ग्रेगर पहिल्याच वाक्यात किडा झालेला असतो, आणि त्याला काळजी लागते ती गाडी चुकल्याची. तुमच्या आईनंही किंचाळू नये. "बाही खाली ओढ, मुकादम यायलाय," एवढंच म्हणावं.

अशक्य गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळं हिशेबाला पक्कं: उचल (मुकादमानं आगाऊ दिलेले पैसे), कोपी (कामगारांची झोपडी), मोळ्या, ट्रॅक्टर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता, एकटा माणूस अर्धा. यावर कल्पनेची भर कशाला घालायची?

खोडवा:
पूर्ण हात एका रात्रीत नको. आधी मनगटावर उसाच्या पानावर असते तशी बारीक काटेरी कूस येते, खाजते, गणवेशाच्या बाहीत अडकते. मग बोटांची पेरं लांबतात, सांध्यावर डोळे (उसाच्या पेरावरचे कोंब) दिसतात. हात ओला राहिला तर डोळा फुटतो, म्हणून भांडी घासणं बंद. पेन धरता येत नाही, तिथं शाळा आपोआप कथेत येते. हाताला पाणी लागतं आणि कोपीवर पाणी टँकरचं. भांडण इथूनच काढा.

हमखास चुकतं ते नियमात. कोयता लागला तर रस येतो की रक्त, दुखतं की नाही, हे लिहायला बसण्याआधी ठरवा. मध्येच बदललं की पोरं लगेच पकडतात. (मी रस घेईन. रक्त आलं की भयकथा.)

बिंदुसराकाठ:
आणि शेवटी हात परत माणसाचा करायचा का?

पाचट:
करा किंवा करू नका, पण सगळं मूळपदावर आणू नका. एखादं पेर तरी हिरवं राहू द्या. आणि निर्णय तिच्याकडे हवा: टोळीबरोबर जायचं की गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायचं. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणजे घाई कथेतच आहे. वयात येण्याबद्दल एक अक्षर लिहू नका, त्या वयाच्या वाचकाला ते बरोबर कळतं. "तिला उमगलं की" असं कुठं दिसलं तर खोडून टाका.

खोडवा:
बोली संवादापुरती ठेवा. उचल, कोपी यांना तळटीप नको, वाक्यातून अर्थ लागेल असं लिहा.